विटा, चेंडू, फळी: एका निवांत खेळाच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५: काय करायचं, काय टाळायचं

ब्राउझरमध्ये चालणारा, विटा फोडण्याचा साधा खेळ बनवायचा आहे: वर विटांची भिंत, खाली आडवी सरकणारी फळी, आणि फळीवरून उसळून विटा फोडणारा चेंडू. डाउनलोड नाही, लॉगिन नाही, जाहिरात नाही. चहाचं आधण येईपर्यंत खेळता यावा आणि मधेच सोडून उठलं तरी काही बिघडू नये. साधनं तीन: जावास्क्रिप्ट, चित्रासाठी कॅनव्हास, आवाजासाठी वेब ऑडिओ. गेम इंजिन, म्हणजे खेळाचा तयार सांगाडा, घेतलेलं नाही. या खेळाचं सगळं भौतिकशास्त्र कोडच्या दोन-तीनशे ओळींत मावतं, आणि खेळ निवांत वाटणार की वैताग आणणार हे त्याच ओळींत ठरतं. तो भाग दुसऱ्याच्या हाती देण्यात अर्थ नाही.

मूळ खेळ अटारी कंपनीचा ‘ब्रेकआउट’, १९७६. त्याचे नियम इथे लिहून ठेवतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्याशी ताडून पाहायचा आहे. आठ ओळी, ओळीत चौदा विटा. खालून वर पिवळ्या, हिरव्या, नारिंगी आणि लाल, प्रत्येक रंगाच्या दोन ओळी. गुण अनुक्रमे १, ३, ५, ७. एका भिंतीचे ४४८ गुण, दोन भिंतींचे ८९६. पडदा कृष्णधवल होता. रंग त्यावर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांचे. आत मायक्रोप्रोसेसर नव्हता, सगळा खेळ सुट्या लॉजिक चिपांवर चाले.

हा खेळ निवांत नव्हता आणि असायचं कारणही नव्हतं, ते नाणं टाकून खेळायचं यंत्र होतं. चौथ्या टोल्यानंतर चेंडूचा वेग वाढतो, बाराव्यानंतर पुन्हा वाढतो, नारिंगी आणि लाल ओळींना चेंडू लागला की आणखी वाढतो. लाल ओळ फोडून चेंडू वरच्या छताला लागला की फळी निम्मी होते. म्हणजे खेळाडूनं सर्वांत अवघड काम साधलं की लगेच त्याचं हत्यार तोडायचं. यंत्रासाठी हे योग्यच, पण आपल्याला नको.

वगळलेल्या गोष्टी: वाढता वेग, आखूड होणारी फळी, मोजके चेंडू, घड्याळ. राखायची गोष्ट एकच, पण तीच या खेळाचा जीव आहे: चेंडू फळीवर कुठे घ्यायचा हे खेळाडू ठरवतो आणि त्यावरून चेंडू कुठे जाणार हे ठरतं. हा ताबा पक्का असेल तर हात आपोआप सैलावतो. तो डळमळीत असेल तर वेग कितीही कमी करा, खेळ त्रासच देतो.

शेवटच्या विटेचं काय करायचं, तो प्रश्न राखून ठेवला आहे. या प्रकारातला तोच सर्वांत जुना आजार.

५ जानेवारी: मैदानाची मापं

सगळी मापं तार्किक पिक्सेलमध्ये, म्हणजे पडदा कितीही दाट असला तरी न बदलणाऱ्या मापात. मैदान ८०० × ६००. वीट ६० × २०, दोन विटांत ४ ची फट. बारा स्तंभ म्हणजे ७२० अधिक अकरा फटींचे ४४, एकूण ७६४. दोन्ही बाजूंना १८-१८ मोकळे. सहा ओळी, एकूण ७२ विटा. वरची ओळ ७० वर सुरू होते, खालची २१० वर संपते. फळी १२० रुंद, १४ जाड, तिची वरची कड ५५० वर. चेंडूची त्रिज्या ७.

वेग सेकंदाला ३४०. विटांच्या खालच्या कडेपासून फळीपर्यंत चेंडूच्या मध्यबिंदूला ३२६ पिक्सेल जायचं असतं. सरळ येणारा चेंडू ते एका सेकंदाहून किंचित कमी वेळात कापतो. २६० वर खेळ पेंगतो, ४२० वर खांदे आखडतात. ३४० ला चेंडू विटेला लागल्यावर तो कुठे उतरणार हे ओळखून घाई न करता फळी तिथे नेता येते.

छत आणि वरच्या ओळीमध्ये ७० पिक्सेल मुद्दाम सोडले आहेत. भिंतीला भोक पाडून चेंडू वर घुसतो आणि तिथेच उसळत राहतो, तो या खेळातला सर्वांत सुखाचा काळ. चेंडूची जाडी वजा केली तर ५६ पिक्सेल उरतात. सरळ उसळणारा चेंडू छत ते वीट आणि परत ११२ पिक्सेल जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन टोले. ही जागा २० पिक्सेलच ठेवली तर नुसता खडखडाट होतो आणि डोळ्याला काही कळत नाही.

कॅनव्हासबद्दल एक खबरदारी. मोबाइल आणि नव्या लॅपटॉपच्या दाट पडद्यांवर चेंडूची कड धूसर दिसते. उपाय सोपा: ब्राउझर जे डिव्हाइस पिक्सेल गुणोत्तर (एका तार्किक पिक्सेलमागे पडद्याचे खरे पिक्सेल किती) सांगतो त्यानं कॅनव्हासची प्रत्यक्ष रुंदी-उंची गुणायची, चित्रणाचं प्रमाणही तेवढंच वाढवायचं, आणि पानावरचं दिसणारं माप मात्र तेच ठेवायचं.

८ जानेवारी: वेळ

पहिला मसुदा ‘दर फ्रेमला ५.६७ पिक्सेल पुढे’ असा होता. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या, मॉनिटरवर तो बरोबर ३४० देतो. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तीच ओळ ८१६ देते, कारण ब्राउझर फ्रेम मॉनिटरच्या दरानं मागवतो. एकाच खेळाची दोन घरांत दोन रूपं होतात, आणि बनवणाऱ्याला ते दिसतही नाही.

म्हणून खेळाचं गणित ठरावीक पावलांनी चालवलं आहे: सेकंदाला १२० पावलं, एका पावलात चेंडू २.८३ पिक्सेल सरकतो. प्रत्येक फ्रेमला मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ एका साठ्यात टाकायचा, साठ्यात १/१२० सेकंद भरला की एक पाऊल टाकायचं आणि तेवढा वेळ साठ्यातून काढायचा. उरलेला तुकडा पुढच्या फ्रेमसाठी राहतो.

यात दोन खाचा आहेत. पहिली: १४४ हर्ट्झवर दर सहावी फ्रेम पावलाविना जाते आणि चेंडू बारीक अडखळतो. यासाठी चेंडूची मागची आणि आताची अशा दोन्ही जागा जपून, उरलेल्या तुकड्याच्या प्रमाणात दोन्हींच्या मधे चेंडू काढायचा. गणित तेच राहतं, फक्त चित्र गुळगुळीत होतं. दुसरी: टॅब बदलून तीन सेकंदांनी परत आलं की साठ्यात एकदम ३६० पावलं जमतात आणि चेंडू पाहता पाहता खाली पडलेला असतो. एका फ्रेमला जास्तीत जास्त ०.१ सेकंद, म्हणजे १२ पावलं, एवढाच वेळ साठ्यात घ्यायचा. बाकीचा सोडून द्यायचा.

१२ जानेवारी: टक्कर

चेंडू वर्तुळ, वीट आयत. चेंडूच्या मध्यबिंदूला सर्वांत जवळचा विटेवरचा बिंदू काढायचा: मध्यबिंदूचा आडवा अंक विटेच्या डाव्या-उजव्या कडांमध्ये अडवायचा, उभा अंक वरच्या-खालच्या कडांमध्ये. त्या बिंदूपासूनचं अंतर ७ पेक्षा कमी असेल तर टक्कर. बिंदूकडून मध्याकडे जाणारी दिशा म्हणजे लंब. वेगाचा त्या दिशेतला भाग उलटवायचा आणि जेवढा चेंडू आत घुसला तेवढा लंबाच्या दिशेनं बाहेर ढकलायचा.

अंतर शून्य आलं तर भागाकार फसतो, वेगाच्या जागी अंकच राहत नाही आणि चेंडू पडद्यावरून गायब होतो. २.८३ च्या पावलाला मध्यबिंदू विटेच्या आत जाऊ शकत नाही, पण जोरात आडवी सरकलेली फळी चेंडूवर चढू शकते. शून्यासाठी वेगळी अट हवीच: लंब सरळ वर धरायचा.

बाजूच्या भिंतींसाठी वेग ‘उलटवणं’ चूक. डाव्या भिंतीला लागल्यावर आडवा वेग धनच असला पाहिजे, उजवीला ऋणच, असं लिहायचं. उलटवत बसलं तर भिंतीत किंचित रुतलेला चेंडू दर पावलाला दिशा बदलत तिथेच थरथरत राहतो.

१३ जानेवारी: सांध्यावरचा चेंडू

कालच्या टक्करीत दोन दोष निघाले. दोन्ही विटांच्या सांध्यावर घडतात, कारण फट ४ ची आणि चेंडू १४ चा.

पहिला दोष असा की चेंडू एकाच पावलात दोन विटांना लागतो. पहिल्या विटेनं उभा वेग खाली वळवला, दुसरीनं पुन्हा वर वळवला. दोन्ही विटा फुटल्या आणि चेंडू थांबलाच नाही. नांगर ओढल्यासारखा भिंत चिरत वर गेला. खेळाडूला वाटतं काहीतरी खास शक्ती मिळाली, आणि पुढच्या वेळी तसं न झाल्यावर तो गोंधळतो. उपाय: वेग लंबाच्या उलट दिशेनं, म्हणजे विटेकडे जात असेल तरच वळवायचा. एकदा वळला की दुसरी वीट फुटते, पण दिशा पुन्हा बदलत नाही.

दुसरा दोष जास्त छुपा आहे. सरळ वर जाणारा चेंडू सांध्याच्या बरोबर मध्यावर लागला तर जवळचा बिंदू म्हणजे विटेचा कोपरा, आडवं अंतर २. दोन भागिले सात, लंब १६.६ अंशांनी कललेला. परावर्तनात हा कल दुप्पट होतो आणि सरळ गेलेला चेंडू ३३ अंशांनी वाकडा परततो. सपाट भिंतीवर मारलेला चेंडू असा भलतीकडे गेला की खेळाडूचा कोनावरचा विश्वासच उडतो. उपाय: लागलेल्या कोपऱ्याच्या बाजूला शेजारची वीट शाबूत असेल तर तो कोपरा मानायचाच नाही, सलग पृष्ठ मानायचं आणि लंब सरळ खाली धरायचा. त्यानं चेंडू ०.३ पिक्सेल जास्त ढकलला जातो, डोळ्याला दिसत नाही. एकांड्या विटेचा कोपरा मात्र कोपराच राहू दिला आहे. तिथे तिरका टप्पा बरोबर वाटतो.

कोपऱ्यांमुळे एक गोष्ट सांभाळावी लागते. कोपऱ्यावरून उडालेला चेंडू जवळजवळ आडवा जाऊ शकतो. उभा वेग २० उरला तर ३२६ पिक्सेल उतरायला सोळा सेकंद लागतात, तोवर खेळाडू नुसता बसून. प्रत्येक टक्करीनंतर उभा वेग एकूण वेगाच्या ०.३५ पट, म्हणजे किमान ११९ ठेवला, आडवा वेग त्यानुसार कमी केला. आता सर्वांत वाईट उतार २.७ सेकंदांचा.

१४ जानेवारी: मैदान ७८० केलं

५ तारखेच्या मापांत चूक होती. भिंत आणि पहिला स्तंभ यांत १८ ची जागा, चेंडू १४ चा. चेंडू त्या बोळात शिरतो, दोन्ही बाजूंना चार पिक्सेलांत टक-टक-टक आपटतो आणि अर्ध्या क्षणात कडेच्या विटा फोडून टाकतो. नजरेला काहीच पकडता येत नाही. कडेची जागा चेंडूच्या जाडीहून कमी हवी. ८-८ ठेवली, मैदान ७८० × ६०० झालं. कोपऱ्याच्या नियमात भिंतीलाही शेजारीण मानलं आहे.

१६ जानेवारी: फळीचा कोन

फळीवरची टक्कर खऱ्या परावर्तनानं करायची नाही. तसं केलं तर चेंडू ज्या कोनात आला त्याच कोनात जातो आणि खेळाडूच्या हातात काही राहत नाही. नियम असा: चेंडू फळीच्या मध्यापासून जितका दूर, तितका कोन. मध्यावर सरळ वर, टोकाला उभ्या रेषेपासून ६० अंश. अर्धी फळी ६० पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला एक अंश. आडवा वेग ३४० गुणिले साइन, उभा वेग ३४० गुणिले कोसाइन. एकूण वेग बदलत नाही. चेंडूची कड फळीच्या टोकाबाहेर ७ पिक्सेलपर्यंत लागू शकते, तेव्हा हिशेब ६७ अंशांवर जातो. तो ६० वर अडवायचा.

चेंडू खाली येत असेल तरच फळी तपासायची, आणि टक्कर झाली की चेंडू थेट फळीच्या वर ७ पिक्सेलांवर ठेवायचा. या दोन ओळी विसरल्या की चेंडू फळीला गोंदासारखा चिकटून कुरकुरतो.

फळी रुंद केल्यानं दोन फायदे होतात, आणि दुसरा सहसा कुणी सांगत नाही. १६० च्या फळीवर चेंडू झेलणं सोपं होतं हे उघड आहे. पण ६० अंश आता ८० पिक्सेलांवर पसरतात, पिक्सेलमागे पाऊण अंश. म्हणजे नेमही बारीक होतो.

१९ जानेवारी: माउस, बोट, कळा

मूळ यंत्रावर फिरवायची गोल मूठ होती. मूठ जितकी फिरेल तितकी फळी सरकायची. अ‍ॅपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाकनं अ‍ॅपल टू संगणकाला खेळायच्या मुठी आणि आवाजाची सोय दिली, त्यामागे हाच खेळ बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत लिहून चालवण्याची इच्छा होती. पहिल्या आयपॉडच्या चाकावर लपवलेला खेळही विटांचाच. या सगळ्यांत फळीला स्वतःचा वेग नसतो, हात जिथे तिथे फळी. ते सूत्र पाळायचं.

माउस: पॉइंटरची जागा पानाच्या मापात मिळते, खेळाच्या नाही. कॅनव्हासची डावी कड वजा करून ७८० भागिले दिसणारी रुंदी यानं गुणायचं. हे राहून गेलं तर खिडकी लहान करताच फळी हाताच्या मागे राहते.

स्पर्श: बोट फळीवर ठेवलं तर फळी झाकली जाते. म्हणून बोट पडद्यावर कुठेही टेकवावं, ते जितकं सरकेल तितकीच फळी सरकते. कॅनव्हासवर स्पर्शानं पान सरकणं बंद करायचं, नाहीतर खेळता खेळता पानच वर जातं. ३६० रुंदीच्या मोबाइलवर सगळं ०.४६ पट होतं, १२० ची फळी ५५ ची दिसते; स्पर्श ओळखला की फळी १६० करायची.

कळा: कळ दाबल्याच्या घटनेवर फळी हलवायची नाही. पहिल्या दाबानंतर संगणक क्षणभर थांबून मग पुनरावृत्ती सुरू करतो, फळीला हिसका बसतो. कळ खाली आहे की वर एवढंच नोंदवून ठेवायचं आणि दर पावलाला सेकंदाला ६०० या वेगानं सरकवायचं. खिडकीवरचं लक्ष हटलं की सगळ्या कळा ‘वर’ मानायच्या, नाहीतर परत आल्यावर फळी एका कडेला जाऊन बसलेली असते.

२३ जानेवारी: आवाज

सहा ओळी, आणि भूप रागाचे पाच स्वर अधिक वरचा सा असे सहा स्वर: सा रे ग प ध सां. खालची ओळ सा, वरची सां. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे कुठलेही दोन स्वर कुठल्याही क्रमानं लागले तरी कानाला टोचत नाहीत. विटा कोणत्या क्रमानं फुटतील हे कुणाच्याच हातात नसतं, म्हणून ही निवड. सा सेकंदाला २४० आंदोलनांचा धरला, संगीताच्या पाठ्यपुस्तकांत धरतात तसा. मग रे २७०, ग ३००, प ३६०, ध ४००, सां ४८०. सगळे पूर्णांक, शुद्ध गुणोत्तरांचे.

लहर साइनची घेतली तर मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर २४० चा सा ऐकूच येत नाही. त्रिकोणी लहरीत वरचे विषम स्वरांश असतात, त्यामुळे स्वर ओळखू येतो. आवाज (पूर्ण आवाज १ धरून) ५ मिलिसेकंदांत ०.१५ पर्यंत चढवायचा आणि २५० मिलिसेकंदांत घातांकी उतारानं ०.००१ वर आणायचा. घातांकी उतार शून्यावर नेता येत नाही, चूक दाखवून थांबतो. आणि स्वर मधेच तोडला तर ‘टक्’ असा खटका येतो, सगळा गोडवा त्यानं जातो.

छताखाली चेंडू अडकल्यावर ०.३३ सेकंदाला एक टोला, स्वर ०.२५ सेकंदात विरतो. म्हणून ते एकमेकांवर चढत नाहीत. फळीला वेगळा, मंद, स्वर नसलेला ठोका दिला आहे, लाकडावर बोट वाजवल्यासारखा.

ब्राउझर पहिल्या क्लिकआधी आवाज सुरू होऊ देत नाही. चेंडू सोडण्याच्या पहिल्या क्लिकवरच ऑडिओ जागा करायचा. वेगळं ‘आवाज चालू करा’ बटण लागत नाही. बंद करण्याचं बटण मात्र लागतं. ते वरच्या कोपऱ्यात आहे.

२६ जानेवारी: चेंडू पडला तर

पहिला विचार असा होता की तळालाही भिंत द्यावी, चेंडू पडूच नये. करून पाहिलं. फळी न हलवता विटा फुटत राहतात, आणि दोन मिनिटांत खेळाचं शोभेचं मत्स्यालय होतं. झेलण्याला किंमत हवी, फक्त ती लहान हवी. आता चेंडू पडला की ०.६ सेकंदांनी तो फळीवर येऊन बसतो आणि क्लिकची वाट पाहतो. फुटलेल्या विटा फुटलेल्याच राहतात. कर्कश सूचना नाही, पडदा लाल होत नाही, उरलेले चेंडू मोजले जात नाहीत.

फुटलेल्या विटेतून पडणाऱ्या, झेलल्यावर मदत देणाऱ्या वड्या घेतल्या नाहीत. टायटो कंपनीच्या १९८६ च्या ‘अर्कानॉइड’नं त्या लोकप्रिय केल्या: फळी लांब करणारी, चेंडू सावकाश करणारी, चेंडूचे तीन करणारी, लेझर देणारी. तिथे त्या शोभतात. पण वडी एका बाजूला पडते आणि चेंडू दुसऱ्या बाजूला उतरतो, तेव्हा यातलं काय सोडायचं हा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो. आपल्याला जो ताण काढायचा आहे तो हाच.

त्याऐवजी ३६ विटा फुटल्या की चेंडूचे आपोआप तीन होतात, नवे दोन मूळ दिशेच्या दोन्ही बाजूंना १५ अंशांवर. चेंडू एकमेकांना धडकत नाहीत. दोन पडले तरी खेळ चालू, शेवटचा पडला तरच थांबतो. तीन स्वर एकाच वेळी लागले तरी आवाजाची बेरीज ०.४५, फाटत नाही. भूप इथे खरा कामी येतो.

३० जानेवारी: भिंतींचे नमुने

नमुना म्हणजे सहा ओळींचा मजकूर, ओळीत बारा अक्षरं. ‘व’ म्हणजे वीट, ‘०’ म्हणजे मोकळी जागा. डोंगराचा नमुना असा:

०००००वव०००००
००००वववव००००
०००वववववव०००
००वववववववव००
०वववववववववव०
वववववववववववव

४२ विटा. पाया सलग असल्यानं आधी भोक पाडावं लागतं, मग चेंडू उतारांवरून छताखाली जातो आणि डोंगर वरून ढासळतो. हाच डोंगर उलटा ठेवला की चेंडू कायम बाहेरच राहतो, आत अडकण्याचं सुख मिळत नाही. तो नमुना काढून टाकला. बुद्धिबळाच्या पटासारखा नमुनाही काढला: प्रत्येक वीट एकांडी, प्रत्येक टोला कोपऱ्यावर जाण्याची शक्यता, कोनाचा भरवसा नाही. सगळ्यांत चांगला ठरलेला नमुना फार साधा आहे. पूर्ण भिंत, मधला एक स्तंभ रिकामा. ती खिंड ६८ रुंद, चेंडूला ५४ ची मोकळीक. नेम धरून तीत चेंडू घालणं हेच खेळाडूचं काम होऊन बसतं.

न फुटणारी वीट एकही नाही. तशा विटांमध्ये चेंडू एकाच मार्गावर अनंत काळ फिरत राहू शकतो आणि मग त्याला मुद्दाम धक्का द्यावा लागतो.

रंग: गडद पार्श्वभूमीवर सहा छटा, प्रत्येक ओळ खालच्या ओळीहून थोडी उजळ. नुसत्या लाल-हिरव्या भेदावर ओळी ओळखायला लावायच्या नाहीत; पडदा पूर्ण करडा करून पाहिला तरी ओळी वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

२ फेब्रुवारी: मधेच उठणं

टॅब लपला की खेळ थांबतो आणि स्थिती ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात जाते: ७२ विटांचे ७२ शून्य-एक, नमुन्याचा क्रमांक, चेंडूंच्या जागा आणि वेग. परत आल्यावर चेंडू लगेच सोडायचा नाही. एक सेकंद तो जागीच धरून, कुठे जाणार त्याची ठिपक्यांची रेघ दाखवायची आणि मग सोडायचा.

फुटलेल्या विटेचे सहा कण ०.४ सेकंद दिसतात. दरवेळी नवे कण बनवून टाकून दिले तर ब्राउझर मधेच स्मृती झाडायला थांबतो आणि चेंडू अडखळतो. १२० कण सुरुवातीलाच बनवून तेच फिरवून वापरले आहेत. ज्यांनी आपल्या यंत्रावर हालचाल कमी ठेवण्याची सूचना दिली आहे त्यांच्यासाठी कण बंद, वीट नुसती विरते.

६ फेब्रुवारी: शेवटची वीट

राखून ठेवलेला प्रश्न. ७१ विटा मजेत फुटतात आणि शेवटची एकटी वीट पाच मिनिटं खाते. आधी हिशेब.

विटेची परिणामी रुंदी ६० अधिक चेंडूचे १४, म्हणजे ७४. चेंडू सरळ तिच्या खाली झेलला तर खालच्या ओळीतल्या विटेसाठी १३ अंशांची खिडकी (नेम लागेल एवढा कोनाचा पट्टा) मिळते, सर्वांत वरच्या विटेसाठी ९.५ अंशांची. पिक्सेलला एक अंश, म्हणजे फळी १३ किंवा साडेनऊ पिक्सेलांच्या आत अचूक ठेवायची. माउसला हे जमतं. पण वीट ४५ अंश तिरकी असेल तर खिडकी निम्मी होते, पाचेक पिक्सेल, आणि मग नेमापेक्षा नशीबच जास्त. म्हणून सरावलेला खेळाडू दोन फटक्यांत काम करतो: पहिला फटका चेंडू विटेच्या खाली उतरेल असा, दुसरा सरळ वर.

चार उपाय तपासले. चेंडूला विटेकडे हळूच ओढणं: चालतं, पण चेंडूची रेघ वाकलेली डोळ्याला कळते आणि आपण नेम धरला की खेळानं, हे कळेनासं होतं. जी एक गोष्ट राखायची ठरवली होती तीच यात जाते. ठरावीक वेळानं वीट आपोआप पाडणं: शेवटचा टोला खेळाडूच्या हातून काढून घेतला जातो. दिशेची ठिपक्यांची रेघ कायम दाखवणं: मदत होते, पण पहिल्या विटेपासून दाखवली तर खेळ भूमितीचा गृहपाठ होतो.

चौथा ठेवला. तीन किंवा कमी विटा उरल्या आणि फळीवरून सलग तीन टोले वाया गेले, की उरलेल्या विटा दोन्ही बाजूंना ३०-३० नं रुंद होतात. आणखी तीन वाया गेले की पुन्हा. मर्यादा २४०, किंवा भिंत वा दुसरी वीट लागेपर्यंत. वरच्या ओळीसाठी खिडकी ९.५ वरून १७, मग २४.५ अंशांवर जाते. चेंडू तसाच सरळ जातो, फळीचा नियम तोच राहतो, आणि मदत डोळ्यांदेखत होते. ठिपक्यांची रेघही याच वेळी सुरू होते, आधी नाही.

९ फेब्रुवारी: रुंदीकरणात दुरुस्ती

वीट एकदम ६० नं वाढली आणि चेंडू नेमका तिच्या शेजारून जात होता, तर तो विटेच्या पोटात सापडतो. अंतर शून्य, लंब सरळ वर, आणि चेंडू विटेतून वर फेकला जातो. आता वाढ ०.५ सेकंदात सावकाश होते, बाजूला सेकंदाला ६० पिक्सेल, चेंडूच्या वेगाहून कितीतरी कमी. वाढ फळीला चेंडू लागतो त्याच क्षणी सुरू करायची, कारण तेव्हा चेंडू विटेपासून किमान ३२६ पिक्सेल दूर असतो आणि ती पूर्ण होईपर्यंत फार तर १७० पिक्सेल वर आलेला असतो. तीन चेंडू मैदानात असताना मात्र बाकीचे दोन कुठेही असू शकतात. म्हणून एकच चेंडू उरल्याशिवाय रुंदीकरण होत नाही. रुंद झालेल्या विटेचा स्वर तोच, फक्त विरायला २५० ऐवजी ९०० मिलिसेकंद.